बोलणं असंबद्ध, अशी नोंद करण्याआधी

न्यूझीलंडच्या आरोग्यसेवेत काम करणाऱ्या माझ्या मराठी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, फिजिओ आणि केअरगिव्हर मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात सत्यनारायणाच्या प्रसादाला आपण वीस-बावीस जण जमलो होतो. जेवणं झाल्यावर नेहमीप्रमाणे कामाच्या गोष्टी निघाल्या आणि मी त्या न्यूएन, म्हणजे न्यूए या बेटाच्या, संशोधक बाईंचा विषय काढला. पॅसिफिक, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेल्या, कुटुंबांमधल्या गाउटवर, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या आजारावर, त्या काम करतात. गेली काही वर्षं त्यांच्या संध्याकाळी मात्र एका वेगळ्याच कामात जातात. आपल्या भाषेतल्या वडीलधाऱ्यांना चर्चच्या हॉलमध्ये बसवून त्या आजारांचे, अवयवांचे, औषधांचे शब्द गोळा करतात. जे शब्द नाहीत ते सगळे मिळून घडवतात आणि तरुण मुलांना शिकवतात. त्यांना आपल्यासारख्या लोकांची मदत हवी आहे, एवढंच मी सांगितलं.

त्यावर कुणी म्हणालं, "भाषा जगवणं हे शाळेचं काम, दवाखान्याचा त्याच्याशी काय संबंध?" कुणी म्हणालं, "आधीच स्टाफ नाही, ड्युटी संपवून घरी यायला आठ वाजतात." आणखी एकाने विचारलं, "पण त्या लोकांना इंग्रजी येतंच ना?" हे विचारणारे माझे जवळचे लोक आहेत आणि कुणाच्या मनात वाईट नव्हतं. मी मात्र गप्प बसले, उठून भांडी आवरायला लागले. त्या रात्री जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण हेच प्रश्न इतर शहरांतल्या मराठी घरांतही विचारले जात असणार.

"इंग्रजी येतंच ना" याच्यापासूनच सुरुवात करते.

2013 साली मी दक्षिण ऑकलंडमधल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, रात्रपाळी करत होते. तिथे ऐंशी ओलांडलेल्या एक न्यूएन आजी होत्या. त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होता. त्यांनी तीस वर्षं इथल्या कारखान्यांत काम केलेलं, इंग्रजी उत्तम यायचं, असं मुलगी सांगायची. ते इंग्रजी हळूहळू गळून गेलं होतं. डिमेन्शियात पुष्कळदा असं होतं. मागाहून शिकलेली भाषा आधी जाते आणि आईच्या मांडीवर मिळालेली शेवटपर्यंत टिकते. मला हे माहीत होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरीही लागोपाठ तीन रात्री मी त्यांच्या फाईलमध्ये एकच नोंद केली: अस्वस्थ, बोलणं असंबद्ध.

चौथ्या पहाटे साफसफाईला येणारी बाई त्यांच्या खोलीच्या दारात बादली हातात घेऊन थांबली. ती न्यूएची होती. मिनिटभर तिने ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांचं पोट दुखतंय. त्या तेच तेच सांगतायत."

मामाही म्हणजे दुखणं. मानावा म्हणजे पोट. हे दोन शब्द तीन रात्री माझ्या कानांवर पडत होते. आजींची लघवी तुंबली होती. थेंब थेंब गळून पॅड ओलं होत होतं, त्यामुळे लघवी होते आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कॅथेटर घातल्यावर पिशवी भरत गेली, तसा त्यांच्या कपाळावरचा ताण उतरत गेला, आणि त्या झोपल्या. मी बाहेर येऊन बाकावर बसले.

फाईलमधली नोंद खोडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खाली पुरवणी जोडता येते. मी लिहिलं: रुग्ण न्यूए भाषेत स्पष्ट बोलते. मला ती भाषा येत नाही.

पुरवणी लिहून प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी आली, तिला मी सगळं सांगितलं. ती पन्नाशीची, इथे वाढलेली. ऐकून ती रडली, पण वेगळ्याच कारणाने. आईचं बोलणं तिलाही कळत नव्हतं. तिच्या लहानपणी शाळेतल्या बाईंनी आईवडिलांना बोलावून सांगितलं होतं, घरी इंग्रजीच बोला, नाहीतर पोरं मागे पडतील. आईने शिक्षकांचं ऐकलं. अशी सूचना त्या काळात इथल्या कित्येक पॅसिफिक घरांना मिळाली आणि त्या पिढीने ती मुलांच्या भल्यासाठी निमूट पाळली. त्याची किंमत पन्नास वर्षांनी एका रेस्ट होमच्या खोलीत मोजली जाताना मी पाहिली. आई बोलत होती आणि तिची स्वतःची लेकही ते समजू शकत नव्हती.

आपल्यातल्या पुष्कळांना न्यूए म्हणजे नेमकं काय तेही माहीत नसतं, मलाही नव्हतं, म्हणून थोडं सांगते. न्यूए हा एका बेटाचा देश आहे. समुद्रातून वर उचललेला प्रवाळाचा प्रचंड खडक, साधारण 260 चौरस किलोमीटर, त्यावर चौदा गावं. 1774 मध्ये कॅप्टन कुकला तिथल्या लोकांनी किनाऱ्यावर पाय रोवू दिला नाही, तेव्हा त्याने त्या बेटाला 'सॅव्हेज आयलंड', म्हणजे रानटी बेट, असं नाव देऊन टाकलं. माझ्या फाईलमधल्या नोंदीची ती थोरली बहीणच म्हणायची. 19 ऑक्टोबर 1974 पासून न्यूए स्वतःचा कारभार स्वतः पाहतं, पण न्यूझीलंडशी मुक्त सहयोगात राहून, आणि तिथले लोक न्यूझीलंडचे नागरिक असतात. विमानतळ झाला आणि लोक निघाले. 1966 मध्ये बेटावर 5 हजारांहून जास्त माणसं होती, आज सतराशेच्या आसपास आहेत. उलट 2018 च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये स्वतःला न्यूएन म्हणवणारे 30,867 होते. त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले, आणि त्यांच्यापैकी भाषा बोलता येणारे फार थोडे. युनेस्कोने या भाषेची नोंद धोक्यात असलेल्या भाषांमध्ये केली आहे. म्हणजे तिचा निकाल तिकडे बेटावर लागणार नाही. आपण रोज ज्या ओटाहुहू, मांगेरे, मानुरेवामधून गाडी चालवत कामावर जातो, तिथल्या घरांमध्ये तो लागणार आहे.

जानेवारी 2004 मध्ये हेटा नावाचं चक्रीवादळ त्या बेटावर आदळलं. त्यात रुग्णालय उद्ध्वस्त झालं आणि संग्रहालयातल्या बहुतेक वस्तू समुद्राने नेल्या. रुग्णालय दोन वर्षांत नवीन उभं राहिलं. संग्रहालयातून गेलेलं परत आलं नाही. संशोधक बाईंना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी हेच सांगितलं होतं. हॉलमध्ये बसलेल्या म्हाताऱ्यांकडे हात करून त्या म्हणाल्या, "आमचं उरलेलं संग्रहालय हे."

आणखी एक जुनी गोष्ट सांगते, कारण भाषा आणि आरोग्य यांचा संबंध काय हा प्रश्न मला तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. पहिल्या महायुद्धात न्यूएच्या 150 पुरुषांना सैन्यात भरती करून आधी ऑकलंडला, तिथून 1916 मध्ये इजिप्तला आणि मग फ्रान्सला नेलं. इंग्रजी समजणारे त्यांच्यात अगदी मोजके. बूट घालायची सवय नव्हती, सैन्याचं अन्न पोटाला मानवत नव्हतं, आणि युरोपातल्या आजारांना तोंड देणारी प्रतिकारशक्ती अंगात नव्हती. काही महिन्यांतच त्यांच्यातले बहुतेक जण रुग्णालयात होते आणि शेवटी तुकडी परत पाठवावी लागली. थंडीने, जंतूंनी माणसं आजारी पडली हे खरंच. पण काय होतंय हे सांगायला ज्याच्याकडे समोरच्याला कळणारा एक शब्द नाही, त्या खाटेवरच्या माणसाचा विचार करा. परक्या देशात, परक्या भाषेत आजारी पडणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. आपले आईवडील सहा महिने इथे राहायला येतात तेव्हा डॉक्टरकडे त्यांच्यासोबत आपणच जातो ना?

आता गाउटबद्दल बोलते, कारण त्या बाईंचं खरं काम तिथे आहे.

माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळनिवासी, आणि पॅसिफिक लोकांमध्ये गाउटचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असणाऱ्यांमध्ये गणलं जातं. त्यामागे अनुवंशाचा मोठा वाटा आहे. मूत्रपिंडातून युरिक ॲसिड जितकं बाहेर पडायला हवं तितकं पडत नाही, रक्तात साठत जातं, सांध्यात त्याचे सुईसारखे कण तयार होतात. लोक मात्र काय समजतात? खादाडपणा केला, बिअर प्यायली, म्हणून अंगठा सुजला. आजाराची लाज वाटते म्हणून पुरुष लंगडत कामावर जातात आणि दुखेनासं झालं की गप्प बसतात. औषधाची आणखी एक अडचण आहे. ॲलोप्युरिनॉल हे युरिक ॲसिड कमी करणारं औषध रोज घ्यायचं असतं, दुखत नसतानाही. शिवाय ते सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत कधीकधी दुखणं उलट उसळतं. हे आधी नीट समजावलं नसेल तर माणूस म्हणतो, या गोळीनेच मला दुखलं, आणि डबी फेकून देतो. फार्मसीत काम करणाऱ्यांनो, अशा किती डब्या परत आलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत, सांगा.

'युरिक ॲसिड 0.36 च्या खाली ठेवायचं' हे वाक्य इंग्रजीतून न्यूएन आजोबांना सांगितलं की ते मान डोलावतात. मान डोलावणं हा वडीलधाऱ्यांचा शिष्टाचार आहे, त्याचा अर्थ समजलं असा होत नाही. गुरुवारी हॉलमध्ये काय चालतं ते मी पाहिलं आहे. बाई विचारतात, रक्तात विरघळलेलं काहीतरी खाली बसून खडा होतं, त्याला आपण काय म्हणू? मग एक आजोबा समुद्राचं पाणी खडकाच्या खोलगटीत वाळून मागे मीठ राहतं त्याची आठवण काढतात. दुसऱ्या आजी म्हणतात, नको, मीठ म्हटलं तर लोक जेवणातलं मीठ बंद करतील आणि गोळी घेणारच नाहीत. तासभर वाद चालतो. बेटाच्या उत्तरेकडच्या मोतू बोलीतले एक सांगतात, दक्षिणेच्या ताफिती बोलीतले दुसरं. त्या तासात खोलीतल्या अकरा म्हाताऱ्यांना गाउट म्हणजे काय ते आतून कळलेलं असतं, आणि ते घरी जाऊन आपल्या मुलांना सांगतात. इतकं परिणामकारक आरोग्यशिक्षण मी माझ्या नोकरीत दुसरीकडे पाहिलं नाही. आणि त्यासाठी कागदोपत्री त्या बाईंच्या नावावर एक तासही धरलेला नसतो.

आपल्याकडे असंच नाही का? 'मधुमेह' हा सुंदर शब्द पाठ्यपुस्तकात आहे, पण आपली मावशी म्हणते, "मला शुगर आहे." सामोअन भाषेत मधुमेहाला 'माई सुका' म्हणतात, म्हणजे साखरेचा आजार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अमरावतीची आमची गल्ली आठवली. असा शब्द असला की मधे पाच मिनिटं वाचतात. तो नसला की रुग्ण आणि आपण दोघंही आपापल्या बाजूला उभे राहून हातवारे करत बसतो.

माझी एक मैत्रीण म्हणेल, हे सगळं छान आहे, पण पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये हॅलेट, चँडलर आणि लालोंड यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मूळनिवासी समूहांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांना आपली भाषा बोलण्याइतकी येत होती, तिथे तरुणांच्या आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ शून्यावर होतं. त्यावरून भाषा हेच कारण, असं ठामपणे म्हणता येत नाही. जिथे भाषा टिकते तिथे इतरही पुष्कळ काही टिकलेलं असतं. पण ते इतर पुष्कळ तरी कशाच्या आधाराने टिकतं, हे विचारायला हवं. इथलंच उदाहरण द्यायचं तर 2000 साली मिडलमोर रुग्णालयात जन्मलेल्या सुमारे 1,400 पॅसिफिक बाळांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास आहे. त्यातून आलेल्या एका निबंधात, आपल्या संस्कृतीशी घट्ट नातं राखणं पॅसिफिक मातांच्या आणि बाळांच्या आरोग्याला हितकारक ठरण्याची शक्यता मांडली आहे. सर मेसन ड्युरी यांनी 1980 च्या दशकात मांडलेलं माओरी आरोग्याचं 'ते फारे तापा फा' हे प्रारूप तर आपल्या सर्वांना इंडक्शनमध्ये शिकवलं जातं. आरोग्य म्हणजे चार भिंतींचं घर, शरीर ही त्यातली फक्त एक भिंत. पॅसिफिक लोकांसाठीच्या 'फोनोफाले' मांडणीत तर घराचं छप्परच संस्कृती आहे. आपण ती चित्रं भिंतीवर लावतो. छप्पर गळतंय आणि एक बाई शिडी लावून ते शाकारते आहे, तर तिला आपण म्हणतो, हे शाळेचं काम.

या क्षेत्रात त्या काही एकट्या नाहीत. न्यूएमध्ये जन्मलेले सर कॉलिन तुकुइतोंगा सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर, पुढे संपूर्ण पॅसिफिकच्या प्रादेशिक संस्थेचे महासंचालक झाले. ऑकलंड विद्यापीठातले विली नोसा यांनी पीएचडीसाठी ऑकलंडमधल्या न्यूएन पुरुषांच्या मद्यपानाचा अभ्यास केला. आपल्या माणसांना जाऊन दारूबद्दल विचारायचं, आणि त्यांनी खरं सांगायचं, हे कोणत्या भाषेत आणि कोणत्या नात्याने विचारलं यावर किती अवलंबून असतं ते ओपीडीत बसणाऱ्यांना माहीत आहे. 'कधीतरी घेतो' हे उत्तर आपण सगळ्यांनी लिहून घेतलेलं आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी त्या संध्याकाळी खरं तर कुणालाच सांगितली नसती.

नर्सिंगला असताना मेळघाटातल्या एका आरोग्य केंद्रात आमची पोस्टिंग होती. रुग्ण बहुतेक कोरकू. आम्ही मराठीत विचारायचो, त्या बायका खाली बघायच्या. मग आम्ही मोठ्याने विचारायचो. मग आणखी मोठ्याने. रजिस्टरमध्ये 'सहकार्य करत नाही' असा शेरा असायचा, तो मीही लिहिलेला आहे. कोरकूत पाण्याला 'दा' म्हणतात, एवढंसुद्धा मला पोस्टिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. जुलाबाने सुकलेल्या पोराला किती पाणी पाजलं हे आम्ही त्याच्या आईला रोज विचारत होतो, आणि पाण्याला ती काय म्हणते हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

इथे आल्यावर आपण मराठी माणसं स्वतःला अल्पसंख्य समजतो, आणि ते खरंच आहे. मुलं मराठी बोलत नाहीत म्हणून आपल्याला वाईट वाटतं. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर फुलं पडत होती, मीही टाकली. पण 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून जास्त होते. आपल्या नातवाला मराठी आलं नाही तरी कोल्हापुरात, परभणीत, लातुरात ती कुणीतरी बोलतच राहणार. त्याच ऑक्टोबरमध्ये न्यूएने स्वयंशासनाची पन्नास वर्षं पूर्ण केली, आणि इथे नेहमीप्रमाणे त्यांचा भाषा सप्ताह झाला. त्यांना मागे सोडून जायला असं कोल्हापूर कुठेच नाही. मेळघाटात इंग्रजीची जागा आपली मराठी घेऊन बसली होती, हे मला तेव्हा दिसलं नाही. इथे येऊन दिसलं. आता दिसलंय तर मागे फिरून मेळघाटात काही दुरुस्त करता येणार नाही, पण मांगेरेमध्ये येईल.

त्या लोकांशी आपलं काहीच नातं नाही असंही नाही. न्यूएन मुलाचे केस कित्येक वर्षं वाढू देतात आणि मग सगळ्या नातेवाइकांना बोलावून कापतात. त्या सोहळ्याला 'हिफी उलु' म्हणतात. एकेक नातेवाईक एकेक बट कापतो आणि मुलाला भेट देतो. मुलींचे कान टोचण्याचा सोहळा 'हुकी तेलिङा'. जावळ काढणाऱ्या आणि कान टोचताना सोनाराला घरी बोलावणाऱ्या आपल्या घरांना हे परकं वाटायचं कारण नाही. एकदा वॉर्डात एका न्यूएन आईला मी माझ्या मुलाच्या जावळाचे फोटो दाखवले. त्यानंतर तिने मला तिच्या बाळंतपणाबद्दल जे सांगितलं, ते त्याआधी दोन आठवडे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि एक अक्षर. न्यूए भाषेत रोमन लिपीतला 'जी' लिहितात, पण त्याचा उच्चार 'ङ' असतो. भाषेला त्यांचा शब्द 'वाङाहाउ'. आपण शाळेत क ख ग घ ङ म्हणतो आणि मग तो ङ आयुष्यभर वाङ्मय या एका शब्दापुरता उरतो. वाङ्मय आणि वाङाहाउ यांचं नातं नाही, योगायोग आहे. पण इथल्या बहुतेक सहकाऱ्यांची जीभ शब्दाच्या सुरुवातीच्या किंवा मधल्या ङ पाशी अडखळते, आपली अडखळायचं कारण नाही. वेटिंग रूममध्ये रुग्णाचं नाव बरोबर घेतलं तर तो कसा मान वर करून बघतो, ते एकदा अनुभवा. गेल्या वर्षी एका आजोबांचं आडनाव मी ङ सह उच्चारलं, तर ते उठून सरळ माझ्यापाशी आले आणि विचारू लागले, तू कुणाची?

मग मी तुमच्याकडे मागते आहे तरी काय?

फाईलमध्ये भाषेचा रकाना असतो, तो विचारून भरा. चेहरा बघून 'सामोअन' किंवा नुसतं 'पॅसिफिक' लिहू नका. त्या रकान्यावरूनच पुढे दुभाष्यांचं नियोजन होतं. रकाना चुकला की कागदावर ती भाषा बोलणारे कुणी नसतातच. दुभाषी मागायला संकोच करू नका. 1996 च्या रुग्णहक्क संहितेतल्या पाचव्या हक्कानुसार समजेल असा संवाद, आणि गरज असेल व शक्य असेल तिथे सक्षम दुभाषी, हा रुग्णाचा हक्क आहे, आपण केलेले उपकार नव्हेत. दहा वर्षांच्या नातीकडून आजीच्या गर्भाशयाबद्दल विचारून घेणं बंद करा. हे आपल्यातले अनेक जण घाईत करतात, मीही केलं आहे, आणि त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

ऑक्टोबरमध्ये भाषा सप्ताह येतो तेव्हा स्टाफरूममध्ये फुलांच्या माळा आणि केक असतात. ते असू द्या. पण त्या आठवड्यात एका न्यूएन सहकाऱ्याची एखादी शिफ्ट तुम्ही घ्या, म्हणजे तिला मुलांना घेऊन कार्यक्रमाला जाता येईल. भाषा सप्ताहात सगळ्यात जास्त काम असलेली माणसं नेमकी त्याच आठवड्यात ड्युटीवर असतात, हे मी दरवर्षी पाहते.

आपल्यातले काही जण आता मोठ्या जागांवर आहेत. निधी वाटणाऱ्या समित्यांवर, एथिक्स कमिटीवर, क्लिनिकल लीड म्हणून. तुम्हाला वेगळी विनंती. त्या बाईंसारख्या कुणाचा प्रस्ताव पुढे आला आणि त्यात शब्दसंग्रहासाठी, वडीलधाऱ्यांच्या मानधनासाठी, हॉलच्या भाड्यासाठी रक्कम मागितलेली दिसली, तर ती ओळ आधी कापू नका. प्रयोगशाळेतल्या रसायनाचं बिल आपण विचारत नाही. या कामात रसायनाच्या जागी ते म्हातारे आहेत, आणि दर हिवाळ्यात त्यांच्यातले एकदोन कमी होतात. मी जायला लागल्यापासून तीन खुर्च्या रिकाम्या झाल्या. मिठाची आठवण काढणारे आजोबा त्यातले एक.

बाकी प्रत्यक्ष मदत म्हणाल तर अगदी साधी आहे. गुरुवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ. न्यूए भाषा यायची गरज नाही, 'फाकाआलोफा लाही आतु' एवढा नमस्कार आणि निघताना 'फाकाआउए लाही', धन्यवाद, एवढं आलं तरी पुरे. तुमचं काम म्हणजे एक आजार, एक अवयव किंवा एक औषध साध्या इंग्रजीत, एकही पुस्तकी शब्द न वापरता समजावून सांगायचं आणि मग गप्प बसायचं. ते लोक त्याचं काय करायचं ते बघतात. सांगून बघा, किती अवघड जातं ते. 'इन्सुलिन रेझिस्टन्स' सांगताना माझी वीस मिनिटं गेली आणि शेवटी एका आजींनीच कुलूप आणि गंजलेल्या किल्लीचं उदाहरण देऊन माझी सुटका केली. आता मी माझ्या सगळ्याच रुग्णांना तेच सांगते, मराठी असोत की टोंगन.

पुढचे तीन गुरुवार मूत्रपिंडाचे आहेत. डायलिसिस समजावून सांगणारं कुणी अजून मिळालेलं नाही. तुमच्यापैकी दोघं रीनल युनिटमध्ये आहात, त्या रात्री माझ्या समोरच बसला होतात, म्हणून नाव न घेता इथे विचारते आहे. याल का? चप्पल दाराबाहेर काढावी लागते, सुरुवातीला प्रार्थना असते, आणि येताना काहीतरी खायला आणायची पद्धत आहे. मागच्या वेळी नेलेली शंकरपाळी दहा मिनिटांत संपली, तेव्हा जरा जास्त आणा.

तुमची,
दक्षिण ऑकलंडमधली एक नर्स